रोमँटिसिझमचा खोकला

चहाचे कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना आमच्या साडूच्या पांढऱ्या सदऱ्यावर चहा सांडला आणि बोलणी मला खावी लागली. तर मंडळी, माझं जमत आलेलं एक लग्न मोडलं होतं. देण्याघेण्यावरून नाही, पत्रिकेवरून नाही, मानपानावरूनही नाही. ते मोडलं युरोपियन साहित्यावरून. आहे का तुमच्या ओळखीत असा दुसरा कोणी? नसणारच.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी वर्ध्याला इंग्रजी घेऊन एम.ए. करत होतो. आमचं गाव समुद्रपूरच्या बाजूला, एसटीच्या फाट्यावरून आत. घरी कापसाची शेती. गावातून एम.ए.ला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मी तिकडे नेमकं काय शिकतो हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. मला तरी कुठं होतं म्हणा. पण आपल्याला ठाऊक आहे असं मला वाटायचं, आणि सगळी भानगड तिथंच झाली.

एक पेपर होता, रेनेसाँसपासून रोमँटिसिझमपर्यंत. बाकीची पोरं गाईड पाठ करायची. मी पडलो सच्चा विद्यार्थी. वर्गात जे शिकवलं ते मी घरी येऊन जगायचो. रेनेसाँस चालू असताना सर म्हणाले, त्या काळचा माणूस चित्र काढायचा, पुतळे घडवायचा, यंत्रंही बनवायचा. झालं. पोळ्याच्या सुट्टीत मी विहिरीवरचं डिझेल इंजिन उघडलं. ते पुन्हा जोडायला पुलगावहून मिस्त्री आणावा लागला. मग आला एन्लायटनमेंट. विवेक, तर्क, पुरावा. घरी सत्यनारायण होता, मी पूजा सांगणाऱ्या महाराजांना म्हटलं, पोथीतली नाव बुडाल्याचा पुरावा काय? महाराजांनी पोथी मिटली. आईनं मला प्रसादही दिला नाही. "पुराव्यानं पोट भर," म्हणाली.

इथवर घरच्यांनी सोसलं. डिसेंबरात रोमँटिसिझम लागला.

आता रोमँटिसिझममध्ये बाकी काय काय असतं ते राहू द्या. माझ्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. सरांनी सांगितलं, त्या काळचे कित्येक कवी ऐन तारुण्यात क्षयानं गेले, एक तर सव्विसाव्या वर्षीच. फिकट चेहरा, विस्कटलेले केस, हातात पांढरा रुमाल आणि रुमालावर रक्ताचा एक थेंब. सांगताना सरांचा आवाज भरून आला. सरांना स्वतःला जुना दमा होता, पण त्यात कोणाला काव्य दिसत नव्हतं. मला मात्र तो रुमाल फार आवडला.

केस वाढवले. चारचौघांत जेवण कमी केलं, त्याची भरपाई मागून स्वयंपाकघरात होत असे. खोकल्याचा सराव केला. हसू नका, सोपं नसतं ते. नुसता खोकला कोणीही खोकतो, विचारमग्न खोकला साधावा लागतो. राहिलं रक्त. त्यासाठी बोटाला सुई टोचून पाहिली, तर दुखलं. मग पानावर भागवलं. कात-चुना नीट जमला की रंग अगदी हुबेहूब येतो.

याच दिवसांत बाबूजी, म्हणजे माझे वडील, मला मुलगी दाखवायला समुद्रपूरला घेऊन गेले. कुसुम तिचं नाव. वडिलांची शेती, शिवाय बाजारात किराण्याचं दुकान. मी मनात ठरवून गेलो होतो की आपण उदास बसायचं. पण ती पोहे घेऊन आली, माझ्या केसांकडे पाहिलं आणि ओठ दाबून हसली. माझी उदासी तिथंच संपली. खरं सांगतो, मला ती मुलगी मनापासून आवडली. परतताना एसटीत मी बाबूजींना आपण होऊन म्हटलं, "मले पसंत हाये." बाबूजी इतके खूश झाले की फाट्यावर उतरल्यावर त्यांनी मला चहा पाजला.

आता आमच्याकडची एक रीत तुम्हाला माहीत आहेच. मुलगी पाहून झाली की मुलीकडचा एक जाणता माणूस गुपचूप मुलाच्या गावी येतो. घरी जात नाही. बैल घ्यायला आलो, सरकी पाहायला आलो असं काहीतरी सांगून न्हाव्याकडे बसतो, पानठेल्यावर उभा राहतो आणि मुलाची चौकशी करतो. हे इतकं गुपचूप असतं की माणूस फाट्यावर उतरला की गावातल्या म्हाताऱ्यांनाही कळतं, चौकशीवाला आला. मग सगळा गाव मुलाचं कौतुक करतो. माझंही केलं. न्हाव्यानं केलं, पानठेलेवाल्यानं केलं, ज्यांच्याशी आमचं बांधावरून भांडण होतं त्यांनीसुद्धा केलं. गावात माझी बदनामी करणारा एकच माणूस निघाला. मी.

मी आमच्या कापसाच्या शेतात, पऱ्हाटीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून मावळता सूर्य पाहत होतो. एक धोतर-टोपीवाले गृहस्थ येऊन शेजारी टेकले.

"इकडं कोन्ता बैल विकाचा हाये म्हने?"

"बैलाचं मला काय विचारता मामा? मी वेगळ्याच जगात असतो." रोमँटिसिझम लागल्यापासून मी पुस्तकी मराठी बोलायचो.

"काऊन? तब्येत बरी नाई का, बाबू?"

मी विचारमग्न खोकलो. "तब्येतीचं काय घेऊन बसलात. आमच्यासारखी माणसं सव्विशीच्या पुढं जात नाहीत."

"अन् आता कितवं चालू हाये?"

"चोविसावं."

गृहस्थांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. "मंग दवाखाना दाखवला का नाई?"

"या दुखण्याला औषध नाही मामा." आणि मी रुमाल काढला. डाग त्या दिवशी फारच सुरेख उमटला होता.

गृहस्थ हळूच उठले आणि वारा त्यांच्याकडून माझ्याकडे येईल अशा बेतानं लांब जाऊन बसले. तिथून त्यांनी विचारलं, "अन् लगन-बिगन?"

"ठरतंय," मी उसासा टाकला. "बिचारी. तिला अजून काहीच माहीत नाही."

गृहस्थ बैल न पाहताच फाट्याकडे निघाले. ते कुसुमचे सख्खे मामा होते.

चार-दोन दिवसांत समुद्रपूरहून निरोप आला, तुमच्या पोराले टीबी हाये अन् तुम्ही लपवून राह्यले. बाबूजी ओसरीवर मटकन बसले. आईनं पदर तोंडाला लावला आणि त्याच हातानं माझं ताट-वाटी वेगळी काढली.

"मले काईच नाई झालं," मी म्हणालो. पुस्तकी मराठी पार उतरली होती.

"रोगी मानूस असाच म्हनते," आत्या म्हणाली.

मी खोकायचं बंद केलं, तर म्हणाले, दाबून ठेवते बिचारा. मी सगळ्यांसमोर पोटभर भाकरी खाल्ल्या, तर शेजारची काकू डोळे पुसत म्हणाली, दिवा विझाच्या आधी मोठा होते व. शेवटी बाबूजींनी मला वर्ध्याच्या दवाखान्यात नेऊन छातीचा एक्सरे काढून घेतला. डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं, पोरगा ठणठणीत आहे. बाबूजींनी तो फोटो दुपट्ट्यात गुंडाळला आणि म्हणाले, "चाल समुद्रपूरले. आपुन लपवनारे नाई, हे दाखवून येऊ."

मंडळी, मुलगी पाहायला मी ज्या घरी गेलो होतो, त्याच घराच्या अंगणात आता माझी छाती उन्हात धरली होती. आळीतल्या बाया झाडून जमल्या.

"हे काय व?"

"बरगडी हाये थे."

"अन् हे?"

"कायीज असन त्याचं."

"एवढंसंच?"

महिनाभर ज्या हृदयाच्या जोरावर मी उसासे टाकले, त्याचा आळीनं असा निकाल लावला. कुसुमच्या आईनं मात्र फोटो हातात घेतला, निरखून पाहिला आणि म्हणाली, "साफ हाये. मले समजते. माझे कमी निघाले का असे फोटो?" बाबूजींनी मोठा श्वास सोडला. माझाही जीव भांड्यात पडला. आणि तेवढ्यात मामांनी तोंड उघडलं.

"मंग रुमालावरचं रगत?"



"पान होतं," मी म्हणालो.

"पान?"

"कात-चुना."

"अन् सव्विशीच्या पुढं जात नाई, थे?"

"थे... थे कोर्सले हाये."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी मान वर केली तर दारात कुसुम उभी होती. आवाज न चढवता ती बोलली, "याइले टीबी असता तर मी थांबली असती. आईले झालता. दीड वर्ष औषध खाल्लं, बरी झाली. तिचे रुमाल मी धुतले रोज. रोज भेव लागे मले." मग वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, याइले काईच झालं नाई. माझ्याकडून नाई हाये."

ती आत निघून गेली. मामांनी फोटो आपल्या हातानं गुंडाळून बाबूजींकडे दिला. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा वाटली नाही, आणि वाटायचे प्रसंग पुढे काही कमी आले नाहीत.

परतीच्या एसटीत बाबूजी मांडीवर एक्सरे घेऊन खिडकीशी बसले. मला ती पोहे घेऊन आलेली, ओठ दाबून हसलेली आठवत होती. छातीत कळ उठली, अगदी खरी, कोर्सबाहेरची. राहवेना, तेव्हा मी हळूच म्हणालो, "बाबूजी, छातीत दुखून राह्यलं."

बाबूजींनी खिडकीबाहेरची नजर काढली नाही.

"गप बस," म्हणाले. "फोटो साफ हाये."