अण्णांनी निवडलेली वाळू

वसंतअण्णा वाळू खालच्या ओठावर घासून बघत. भर दुकानात, चार गिऱ्हाइकांच्या देखत, चिमूटभर वाळू ओली करायची, बोटाने ओठावर फिरवायची आणि डोळे मिटून गप्प उभं राहायचं. दुकानदार आधी हसायचा, मग वैतागायचा. "टोचतीय," म्हणून अण्णा हात झटकत आणि रिकाम्या पिशवीने बाहेर पडत. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा मी ओळख नसल्यासारखी लांब उभी राहिले होते.

जयनगरला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत असे. व्हाइटफील्डच्या ऑफिसातून परत येईपर्यंत माझ्यात जिना चढण्यापुरताच जीव उरलेला असायचा. त्या जिन्याच्या पायथ्याशी अण्णा बादलीत वाळू धूत बसलेले दिसत. मूळचे निपाणीचे, पण सारी उमर इथल्या विमा कचेरीत गेलेली. "आलीस काय? स्वल्प बस की," म्हणायचे आणि मी बसायचे, कारण वर जाणंही जिवावर आलेलं असायचं. ते गढूळ पाणी झाडांना ओतत, पुन्हा नळ सोडत, पुन्हा ढवळत. कंबर धरून उठताना म्हणत, "दमलो बघ. पण वाळूला काय त्याचं?"

हा सगळा खटाटोप शालिनीअक्कांसाठी, म्हणजे त्यांच्या पत्नीसाठी होता. पक्षाघाताने अक्का अंथरुणाला खिळल्या होत्या. बोलणं गेलं होतं, मान एका कुशीला कललेली असायची. मान ज्या बाजूला, त्या बाजूला कॉटला लागून अण्णांनी बुटक्या स्टुलावर काचेची टाकी ठेवली होती. अक्कांच्या डोळ्यांसमोर यायचा तो टाकीचा तळच. म्हणून मासेही तळाशी वावरणारे निवडले होते. बोटाच्या पेराएवढे, मिशांनी वाळू चाचपत खाणं शोधणारे.

पहिली वाळू त्यांनी समोरच्या बांधकामावरून मागून आणली होती. इथे हल्ली बांधकामावर नदीची वाळू क्वचितच दिसते, दगड भरडून केलेली असते. अण्णांनी ती धुऊन धुऊन लख्ख केली आणि मोठ्या समाधानाने टाकीत पसरली. काही आठवड्यांतच माशांच्या मिशा झिजून खुंटल्या. मासे वाळूत तोंड घालेनासे झाले, कोपऱ्यात पडून राहू लागले, त्यातले काही मेलेही. "धुतलं की माती जाते गं, धार नाही जात," ते मला म्हणाले. माणूस पार खचला होता. तेव्हापासून वाळू आधी त्यांच्या ओठावरून जाऊ लागली.

मग आमची दुकानं पालथी घालणं सुरू झालं. एका दुकानदाराने निळीशार वाळू दाखवली, घरात शोभून दिसेल म्हणाला. अण्णांनी ती ओल्या तळव्यावर चोळली आणि निळा तळवा त्याच्यापुढे धरला. "रंग जाणारंच घ्यायचं असलं तर चिकपेटला जाऊन साडी घेतो की!" शेवटी पाण्याच्या फिल्टरमध्ये भरतात ती गोलसर, बारीक वाळू मिळाली. ती ओठाला टोचली नाही, तिच्यावर व्हिनेगर टाकलं तर फसफसलीही नाही. "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच अण्णा म्हणाले. नवे मासे त्या वाळूत डोळ्यांपर्यंत तोंड खुपसून हुंदडू लागले, तेव्हा मला उगीचच रडू आलं.

मग कारवारहून अक्कांचे धाकटे भाऊ रमाकांत आले. येताना त्यांनी पिशवी भरून समुद्रावरची वाळू आणली होती. "भावोजी, हीच घाला टाकीत. अक्काला आपला दर्या दिसू दे."

अण्णांनी वाटीत थोडी वाळू घेऊन वर व्हिनेगर ओतलं. बुडबुडे उठले. "शिंपल्यांचा चुरा आहे रे हिच्यात. पाणी जड होईल, ह्या माशांना सोसायचं नाही."

"म्हणजे माझ्या बहिणीपेक्षा तुमचे मासे मोठे?"

"मासे मेले तर तिच्यापुढे काय ठेवू? रिकामी काच?"

मग अण्णा स्वयंपाकघरातून परात घेऊन आले, कारवारची वाळू तिच्यात ओतली, परात कॉटच्या कडेला धरली आणि अक्कांचं पाऊल अलगद उचलून वाळूत ठेवलं. पायाची बोटं किंचित हलली. निदान मला तरी तसं वाटलं. रमाकांत तोंड फिरवून उभे राहिले. अण्णा परात धरून तसेच बसले होते.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. अक्का झोपेतच गेल्या. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले, तेव्हा अण्णांनी मला खाली बोलावलं. "मासे तू घेऊन जा."

"असू देत ना अण्णा. अक्कांची आठवण आहे ती."

ते टाकीकडे बघत राहिले. "डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, तिला दिसत नाही म्हणून. मी कुणाला बोललो नाही. रमाकांतला पण नाही."

"मग हे सगळं कशासाठी, अण्णा?"

"मला त्या खोलीत बसता यावं म्हणून. नुसतं तिच्याकडे बघत बसायला जमत नव्हतं गं. हाताला काहीतरी लागायचं."

मी मासे हलक्या हाताने जाळीने धरून बादलीत घेतले. अण्णा मदतीला उठले नाहीत. वळून पाहिलं तर ते अक्कांच्या कॉटवर आडवे झाले होते, मान टाकीच्या बाजूला, डोळे मिटलेले. भर दुपारी त्यांना असं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"जाताना दार ओढून घे," ते म्हणाले. "मी झोपतो आता."