बंधाऱ्यावरची पाटी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. अक्षर वाकडं आहे माझं, जोडाक्षर आलं की हात अडतो. तरी लिहितो.

जन्मभर मासे धरले. वस्तीतल्या म्हाताऱ्यांत दुसरी शिकलेला मी एकटा. कुणाचा कागद आला की माझ्याकडे. त्याचा मला ताठा होता — नाही कशाला म्हणू?

तीन वर्षांमागं बंधाऱ्यावर पाटी लागली. तरणी माणसं तेव्हा गुजरातेत ऊसतोडीला गेलेली, माझा पोरगाही. सून सुनीता पोटुशी, म्हणून मागं राहिली. तिनंच विचारलं, "बाबा, पाटीवर काय लिखेल शे?" चार बाया उभ्या होत्या. मला तीनच शब्द लागले — पाणी, मासे, नये. बाकीचं लागेना. वाचता येत नाही, एवढं म्हणायला काय झालं होतं? म्हणालो, "ठेकेदारनी पाटी शे. दुसरास्नी मासा धराना नही." वर आणखी, पाणी काय त्याच्या बापाचं का? बाया हसल्या. त्या दिवसापासून मी हट्टानं रोज जाळं टाकलं. साऱ्या वस्तीनं खाल्लं.

पंधरा दिवसांनी दवाखान्याच्या आशाताई काठावर भेटल्या. वरून कारखान्याचं पाणी उतरतंय, म्हणाल्या. पाटीवर लिहिलंय ना, इथला मासा खाऊ नये, पोटुशीनं तर अजिबात नाही. मी कटल्याचे कल्ले उघडून दाखवले. लालभडक होते, म्हणजे मासा चांगला. मला मासा शिकवू नका, म्हणालो. पण कळलं होतं मला. तेव्हाच कळलं होतं — हे मी मुद्दाम दोनदा लिहितो.

घरी जाऊन एवढंच सांगायचं होतं, की मी चुकीचं वाचलं. सांगितलं का? आमच्यात मोठ्या माशाचं डोकं घरातल्या थोराला वाढतात. सून पोटुशी, म्हणून माझ्या वाट्याचं डोकं मी तिच्या ताटात ठेवायचो. त्या दिवशीही ठेवलं. पुढं महिनाभर ठेवलं. थांबलो असतो तर तिनं का म्हणून विचारलं असतं. ती लाजून खायची, काटे चोखून.

पोर जन्मलं ते रडलंच नाही.

माशानं की आणखी कशानं — डॉक्टरांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाया म्हणाल्या, हिनं ग्रहणात विळी हातात धरली होती. सुनीतानं माझ्याकडं पाहिलं. "तेन्हामुळेच व्हयनं का, बाबा?"

घरात शिकलेला मीच ना. मी होय म्हणून मान हलवली.

पाटी आता गंजून पडली. गेल्या ग्रहणाला सुनीता दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून होती, सुटेपर्यंत — पोटात काही नसताना. मी समोरच होतो.