भोपळ्याला पहिली सुरी

दोह्यातल्या आमच्या अबू हमूरच्या कंपाउंडमध्ये हॅलोविन दाराच्या आतच असतं. बाहेर काही लावायचं नाही, अशी कंपाउंडच्या ऑफिसची दरवर्षी सूचना असते. म्हणून लेकीला कोरलेला भोपळा स्वयंपाकघराच्या खिडकीत, आतल्या बाजूने हवा होता. मी मॉलमधून चांगला गरगरीत भोपळा आणला आणि सुरी उचलली, तोच नाशिकहून राहायला आलेल्या सासूबाई ओरडल्या, "अगं थांब! बाईमाणसाने अख्खा भोपळा कापू नये."

"मग कोण कापणार, आई? तुमचा मुलगा समुद्रात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर आहे. पुढच्या आठवड्यात येईल."

"कुणीही पुरुष चालेल. एकदा त्याची सुरी पडली की पुढचं तू कर."

"इट्स जस्ट अ पम्पकिन, आजी!" म्हणत लेक पाय आपटायला लागली. खरं तर पाय मला आपटायचे होते. बाईमाणसाने नाही, हे मी नुकतंच पितृपक्षात ऐकलं होतं. मी बाबांची एकुलती एक मुलगी. तरी त्यांना पाणी दिलं ते चुलतभावाने, ज्याने त्यांच्या आजारपणात साधा एक फोन केला नव्हता. मी इथे दोह्यात व्हिडिओ कॉलवर प्रेक्षक. निदान घरी एक पान वाढते म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, तिकडे भावाने केलंय ना, मग तू कशाला? मी गप्प बसले, आणि त्याचाच संताप अजून जात नव्हता.

तेवढ्यात शेजारचे आयरिश आजोबा कोरायची हत्यारं द्यायला आले. सासूबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी खुणा करून सुरी आजोबांच्या हातात दिली. ना आपल्या देशाचा, ना धर्माचा, सकाळी सॉसेज खाऊन आलेला माणूस. पण त्याची सुरी चालते आणि माझी नाही. माझं डोकं असं तडकलं!

भोपळा कापता कापता आजोबा सांगायला लागले. त्यांच्या लहानपणी गावात भोपळा नव्हताच, सलगम कोरायचे. भोपळ्याची रीत अमेरिकेची, आणि पोरांनी चॉकलेटं मागत फिरायच्या या बादल्या तर आत्ताच्या. मूळची ती रात्र घरातल्या गेलेल्या माणसांची. त्यांच्यासाठी चुलीपाशी रिकामी खुर्ची ठेवायची आणि टेबलावर एक जास्तीचं ताट.

"ताट कोण वाढायचं?" मी विचारलं.

"माझी आजी. आणखी कोण?"

हे मी सासूबाईंना मराठीत सांगितलं, जरा मोठ्यानेच. "त्यांच्यात चालत असेल," म्हणून त्या आत निघून गेल्या.

संध्याकाळी भोपळा खिडकीत दात विचकत बसला. आतून निघालेल्या गराची मी भाजी केली. मेथीदाण्याची फोडणी, किंचित गूळ, बाबांना आवडायची तशी. श्राद्धाच्या स्वयंपाकातही हीच लागते. ताट वाढलं. सर्वपित्री अमावस्या कधीच होऊन गेली होती, मंत्र मला येत नव्हते, आणि कुणी अडवलं असतं तर मी भांडणार होते. पाण्याचा तांब्या घेऊन मी टेबलाशी उभी राहिले.

सासूबाई दारात आल्या. त्यांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भलतीकडे काय तोंड करून उभी राहिलीस?" त्या म्हणाल्या. "दक्षिण इकडे आहे."