मिटल्या तोंडाचा हुंकार

आमचा हॉल म्हणजे आयर्लंडात, वॉटरफोर्डमधल्या एका चर्चमागची लांबट इमारत. वर पत्रा, खाली लाकडी जमीन, आणि कार्यक्रम संपत आला की गरम होणारे हीटर. आफ्रिकेतून आणि कॅरिबियन बेटांवरून इथे आलेल्या लोकांचे नाच, ढोल, गाणी, गोष्टी तिथे चालतात. चालवणाऱ्या आम्ही दोघी. एक नायजेरियाची बाई, दिवसा वृद्धाश्रमात काम करणारी आणि हॉलमध्ये गाणारी, गोष्टी सांगणारी. दुसरी मी, चौथी पास, मुलाकडे राहायला आलेली.

मी काही कलेच्या ओढीने गेले नव्हते. मुलगा-सून दिवसभर कॉम्प्युटरपुढे, नातवंडं शाळेत. एका शनिवारी ढोल ऐकून आत शिरले. चहा करायला कुणी नव्हतं, म्हणून केला. मग चहा माझ्याकडेच राहिला. मग खुर्च्या आल्या, मग झाडू, मग किल्ल्या. नायजेरियाच्या बाईचं इंग्रजी मला कळायचं आणि माझं तिला. शिकलेल्या लोकांना आमच्या दोघींचंही कळायचं नाही.

पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "अक्का, त्या काळ्या लोकांत तुझं काय काम गं?"

"मग मी काय गोरी आहे?" मी म्हटलं. तिने पावसाचा विषय काढला.

हॉल चालवणं म्हणजे नाचगाणं, असं लोकांना वाटतं. ते नाचणाऱ्यांसाठी. चालवणाऱ्याने संडासात कागद आहे का बघायचं, आणि कुणाच्या मुलीने पुढच्या रांगेत नाचायचं यावरून भांडणाऱ्या आयांना खाण्याची एकेक बशी देऊन वेगवेगळ्या कोपऱ्यात बसवायचं. सहाचा कार्यक्रम सातला सुरू होतो, आपल्या लग्नांसारखा. सहाला फक्त आयरिश मंडळी येतात आणि रिकाम्या हॉलमध्ये कोट घालून बसतात. मला हे सगळं जमायचं. सुख वाटायचं, असं म्हटलं तरी चालेल.

मग वीस साली टाळेबंदी आली आणि हॉल बंद झाला. तिच्या वृद्धाश्रमातली माणसं गेली. तिकडे नायजेरियात तिची थोरली बहीण गेली, तिची माती हिने फोनवर बघितली. त्यानंतर तिने गाणं सोडलं. मी पाय मोकळे करायला निघाले की हॉल उघडायचे, खिडक्या उघड्या टाकायचे, ढोलांच्या कातड्यांवरची बुरशी पुसायचे. तिला मुद्दाम सांगायचे. ती नुसतं "बरं" म्हणायची.

एकवीसच्या शरद ऋतूत कार्यक्रमाला परवानगी मिळाली. अट अशी, की लोकांनी मास्क लावून अंतरावर बसायचं, नाचायचं नाही, गायचं नाही. तिने माझ्याकडून किल्ल्या मागून घेतल्या.

"हा एक कार्यक्रम करते आणि किल्ल्या चर्चच्या कमिटीला देऊन टाकते. कमिटीचा म्हातारा येणारच आहे."

"का गं?"

"आँटी, मी हाक घालायची आणि लोकांनी गप्प बसायचं? आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याच्या हाकेला ओ द्यावी लागते. ओ आली नाही तर त्याने उठून जायचं. लोकांना त्याची गोष्ट नको असते."

"मग घरी बसून कोण ओ देतंय तुला?"

"तुम्ही फार टोचून बोलता."

"सासूने शिकवलं."

संध्याकाळी ती डोक्याला निळं फडकं बांधून स्टेजवर बसली. कासवाची गोष्ट होती. तिने हाक घातली. एरवी या हाकेला पत्रा हलतो. त्या दिवशी कुणी हूं की चूं केलं नाही. मुलांनी आयांकडे बघितलं, आयांनी मागे बसलेल्या कमिटीच्या म्हाताऱ्याकडे. तिने पुन्हा हाक घातली. हीटरचा आवाज तेवढा ऐकू आला. तिचा हात किल्ल्यांच्या खिशाकडे गेला आणि ती उठायला लागली.

आमच्या गावीही गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावा लागतो. नाही दिला तर तो थांबतो आणि विचारतो, झोपलात का? पण हुंकाराला तोंड उघडावं लागत नाही. मी चहाच्या टेबलामागून दिला.

"हं!"

जरा जोरात गेला. तिने माझ्याकडे बघितलं. बसली. पुन्हा हाक घातली.

"हं," मी म्हटलं. आणि माझ्याबरोबर पुढच्या रांगेतली जमैकाची म्हातारी, काठीवर हनुवटी टेकून, जाड आवाजात. तिसऱ्या हाकेला सगळा हॉल घुमला. सगळ्यांची तोंडं मिटलेली, आणि आवाज असा, की पायाखालची फळी थरथरलेली तळव्यांना कळत होती.

म्हातारा उठला. सरळ माझ्याकडे आला.

"हे गाणं झालं का?"

"तोंडं बघा त्यांची. बंद आहेत."

त्याने मान वळवून एकेक रांग बघितली. सगळे मास्क जागच्या जागी. "ग्रँड," तो म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत ठीक आहे, आणि जाऊन बसला.

मग ती अशी रंगली, की कासव काही घरी पोचेना. एवढी लांब गोष्ट तिने आधी कधी सांगितली नव्हती. चहा गार झाला. मी पुन्हा केला नाही.

लोक गेल्यावर म्हातारा कोट घालून तिच्यासमोर उभा राहिला. "किल्ल्या देणार होतीस ना?"

"शनिवारी मुलांचा नाच आहे," ती म्हणाली. "हॉल उघडायचा कसा?"

त्याने कोटाची बटणं लावली. चहा न पिताच गेला, म्हणजे एक कप वाचला.

आम्ही खुर्च्या रचायला घेतल्या.

"आँटी, म्हशीसारख्या हंबरलात."

"तू उठून गेली नाहीस ना? मग झालं. ती खुर्ची धर तिकडून."

दाराला कुलूप तिनेच लावलं. मी आपलं ओढून बघितलं, नीट लागलंय का ते.