धर्माजींनी कापलेली नाळ

मंगळावर उतरणाऱ्या यानाची लाकडी प्रतिकृती मी रेवदंड्याच्या धर्माजीकाकांना करायला सांगितली, ही माझीच चूक. चाळीस वर्षं होड्या बांधलेला सुतार. पुढे टोक नसलेली वस्तू त्याच्या हाताला कुठून ठाऊक असणार?

मी इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. सोमवारी अलिबागला जिल्ह्याचं प्रदर्शन होतं आणि माझ्या वर्गातल्या मुलांनी वर्षभर त्यासाठी मान मोडून काम केलं होतं. काकांना मी आकृती काढून दिली होती: पुढून बशीसारखं रुंद आणि बोथट, मागे निमुळतं. शनिवारी दुपारी आणायला गेले, तर काकांनी सागवानाचं देखणं यान पुढे केलं. पुढून चांगलं टोकदार!

"काका, हे काय केलंत? मी बोथट सांगितलं होतं ना?"

"तुमच्या चित्रान चूक व्हती, बाई. मी सुधारली. बोथट नाळ घेऊन कोन दर्यान जाते? पानी कापाला नको?"

नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. मी कपाळावर हात मारला. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. यान ताशी वीस हजार किलोमीटरच्या वेगानं मंगळाच्या हवेत शिरतं. समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती दाबली जाते आणि भयंकर तापते. टोक अणकुचीदार असलं तर तो जाळ टोकालाच भिडतो. बोथट असलं तर तापलेली हवा चार बोटं लांब अडून राहते आणि बरीचशी उष्णता बाजूनं निघून जाते.

पालथ्या घड्यावर पाणी. "माज्या एकाही होडीला आजवर कुनी नावं ठेवली न्हाय," एवढंच ते म्हणाले आणि पाठ फिरवून बसले.

त्यांच्या बायकोनं, नीराबाईंनी, मला पडवीत बोलावलं. "फायबरच्या होड्या आल्या तवापासून दोन वर्सं काम न्हाय, बाई. या यानासाठी चार दिवस जेवाला उठत नव्हते."

आता ओरडायचं तरी कुणावर? राग गिळला, पण तो काही उतरला नाही.

घरामागे खाडीला भरती होती. मी काकांना तिथे नेलं, अक्षरशः हट्टानं. यानाला दोरी बांधून टोकाकडून ओढलं. पाणी दोन्ही अंगांना चिकटून सरकत गेलं. मग एक फळी रुंद बाजूनं ओढली. तिच्यापुढे पाण्याचा उंचवटा उभा राहिला आणि फळीबरोबर पुढे पुढे चालू लागला.

काका वाकले. माझ्या हातातली दोरी घेऊन त्यांनी फळी स्वतः तीनदा ओढली.

"पानी पुढंच अडून रातंय," ते हळूच म्हणाले. "आन तुमचा जाळ बी तसाच?"

"तसाच, काका."

ते करवत घेऊन आले. "द्या, मी कापते," असं मी म्हटलं, पण त्यांनी करवत सोडली नाही. मागच्या दारात उभ्या असलेल्या नीराबाई आत निघून गेल्या. काकांनी रुंद भागापाशी करवत धरली आणि टोक उडवलं. मग कानशीनं घासून कडा गोल केल्या. मला फार वाईट वाटलं.

सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते अलिबागला आले आणि आमच्या टेबलामागे उभे राहिले. परीक्षकांनी यान उचललं, उलटंपालटं केलं.

"मॅडम, टोक तुटलेलं मॉडेल आणलंत? निदान पुढून तरी नीट करायचं!"

"सर, ते मुद्दामच..." मी सुरुवात केली. तोवर त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

काका पुढे झाले.

"सायेब, तुटला न्हाय तो. मी कापलाय. जल्मात पयल्यांदा नाळ कापली मी. का कापली, ता तरी इचारा."

साहेब पुढच्या टेबलापाशी पोचले होते.