आधी रांगायचं

आमच्या नाटकमंडळीत सगळ्यात जास्त वेळ रंगमंचावर कोण असायचं, असं विचाराल तर नायक-नायिकांची नावं घेऊ नका. तो मान मिस्त्रींचा. मिस्त्री म्हणजे मंडळीचा सुतार. प्रयोगाआधी, पडदा बंद असताना, ते रंगमंचाच्या एका टोकाला गुडघे टेकायचे आणि तळहात फळ्यांवर फिरवत दुसऱ्या टोकापर्यंत रांगत जायचे. कुठे खिळ्याचं डोकं वर आलंय, कुठे ढलपी निघालीय, ते डोळ्यांनी दिसत नाही, हातालाच कळतं. आम्ही अनवाणी नाचणाऱ्या बायका. उभ्या कारकिर्दीत माझ्या तळपायाला ओरखडा नाही. ते सगळे ओरखडे मिस्त्रींच्या गुडघ्यांवर गेले.

त्यांच्या पँटला गुडघ्यांवर कातड्याची ठिगळं असायची. कमरेला हातोडी आणि खिळ्यांची पिशवी. ते चालले की पिशवी खुळखुळायची आणि मिस्त्री येताहेत हे आंधळ्यालाही कळायचं.

आमचा विनोदी नट त्यांना दर प्रयोगाला विचारायचा, "काय मिस्त्री, चालायला कधी लागणार?"

मिस्त्री मान वर न करता म्हणायचे, "आधी रांगायचं, मग चालायचं. तुम्ही मधली पायरी गाळलीत, म्हणून प्रवेशाला अडखळता."

सगळी मंडळी हसायची. मीही पोट धरून हसले आहे.

त्यांची बायको आमच्या कपडेपटात होती. राजाच्या झग्यापासून भिकाऱ्याच्या लक्तरांपर्यंत सगळं तिच्या सुईखालून जायचं. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. आशा सोडली आणि मग दिवस राहिले. मिस्त्रींनी पाळणा केला नाही, खेळणी केली नाहीत. घरातली सगळी फळ्यांची जमीन रंधा मारून, घासून-पुसून अशी गुळगुळीत केली की गाल टेकवावा. मला हात धरून दाखवायला नेलं. "बघा बाई. ह्याच्यावर माझं पोर रांगणार. एक कुसळ लागायचं नाही त्याला."

मुलगा झाला. गोरागोमटा, गुबगुबीत, शांत. वेळेवर मान धरली, वेळेवर बसला. आणि बसला तो बसलाच. जिथे ठेवावा तिथे. पुढ्यात चमचा टाकला तर चमच्याकडे बघायचा, मग आपल्याकडे बघायचा, 'द्या की आणून' अशा थाटात. फारच गरज पडली तर बुडावर सरकत दोन वीत पुढे जायचा. पोटावर पालथं घातलं की भोकाड पसरायचा. मिस्त्री कौतुकाने म्हणायचे, "माझा ठोकळा आहे हा. कापावा तसा चौकोनी बसतो." तेव्हापासून त्याचं नाव ठोकळा पडलं.

मिस्त्रींच्या धाकट्या भावाचं बिऱ्हाड समोरच होतं. त्याची मुलगी ठोकळ्यापेक्षा थोडी लहान. ती घरभर रांगायची, उंबरा ओलांडून इकडे यायची. आणि तिच्या आईच्या जिभेला हाड नव्हतं.

"आमच्याकडे पायपुसणं लागतच नाही बाई," ती म्हणायची. "ही पोटानं सगळी जमीन पुसून काढते. तुमचं बरंय ताई, ठेवला तिथे सापडतो. हरवायची भीती नाही."

कपडेपटवाली दोरा तोडल्यासारखी दातांवर दात दाबायची. मिस्त्रींनी मात्र ते बोलणं मनावर घेतलं. तेव्हापासून ते आपल्या मुलाचं कौतुक थांबवून त्याची तपासणी करायला लागले. फळ्या तपासतात तशी. पाय ओढून बघ, गुडघा दुमडून बघ, टाचेला नखाने टोचून बघ.

डॉक्टरांकडे नेलं. मी बरोबर होते. डॉक्टर तरुण होते, पण घाईचे नव्हते. त्यांनी पोराला उभं धरलं, आडवं केलं, कमरेपासून पाय फिरवून बघितले. म्हणाले, "काही मुलं रांगतच नाहीत. बुडावर सरकतात आणि एक दिवस धरून उभी राहतात. जरा उशिरा चालतात, इतकंच. कंबर चांगली आहे, पायात जोर आहे. दीड वर्षापर्यंत चालला नाही तर परत आणा. तोवर त्याचं त्याला करू द्या."

बाहेर पडल्यावर मिस्त्रींच्या बायकोचा चेहरा असा मोकळा झाला होता की मला वाटलं, ती रस्त्यातच गिरकी घेईल. मिस्त्री घराच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, "पाया न घालता भिंत उभी करा म्हणतात. पडली की ह्यांचं काय जातं?"

"अहो, ते शिकलेत," ती म्हणाली.

"माझ्या बहिणीच्या वेळचेही शिकलेलेच होते."

ती बहीण मला तोवर ठाऊक नव्हती. मिस्त्रींनी नंतर विंगेत बसून सांगितलं, तेही खिळे निवडता निवडता. त्यांच्या पाठची बहीण. तीही रांगली नव्हती. सगळे म्हणाले, चालेल, चालेल. ती कधीच चालली नाही. खिडकीजवळच्या खाटेवर तिचं बालपण गेलं, आणि तरुणपण यायच्या आधी ती गेली. मिस्त्री शाळेतून आले की तिला पाठुंगळी घेऊन फिरवायचे. "तिच्या पायांचा भार अजून कमरेला लागतो, बाई," ते म्हणाले. मग त्यांनी एक वाकडा खिळा बाजूला टाकला.

म्हणून मी त्या माणसाला दुष्ट म्हणायला तयार नाही. त्याने जे केलं ते भीतीने केलं. पण केलं.

ठोकळा आपण होऊन धरून उभा राहायला लागला. आधी स्टुलाला, मग पलंगाच्या काठाला. कुठल्याही घरात टाळ्या पडल्या असत्या. मिस्त्रींनी त्याचे खांदे धरले आणि त्याला खाली बसवलं. "अंहं. आधी रांगायचं." तो पुन्हा उठला. पुन्हा बसवला. पोराला आधी तो खेळ वाटला, तो खिदळला. मग रडायला लागला.

ती म्हणाली, "अहो, उभा राहतोय ना तो! डॉक्टर हेच म्हणाले होते ना?"

"माझी बहीणही एकदा उभी राहिली होती. खुर्चीला धरून. एकदाच."

"तो तुमची बहीण नाहीये! माझा मुलगा आहे!"

दुसऱ्या दिवसापासून घरातलं सामान जायला लागलं. स्टूल थिएटरात आलं. मग खुर्च्या. मग कपड्यांची पेटी. पलंग मोठा, तो कुठे नेणार? मिस्त्रींनी करवत घेऊन त्याचे चारही पाय कापले. पोराला धरायला काही उरलंच नाही तर ते झक मारत रांगेल, असा हिशेब. मी गेले तेव्हा त्या गुळगुळीत जमिनीवर काही म्हणजे काही नव्हतं. प्रयोग संपून सगळं उचलून नेल्यावर रंगमंच दिसतो तसं ते घर दिसत होतं. मधोमध ठोकळा बसला होता. त्याची आई भिंतीला टेकून झग्याला टिपा घालत होती. मला म्हणाली, "बसा ताई. कुठे ते विचारू नका." आणि हसली. तसं हसू मी शोकांतिकांतसुद्धा कुणाला जमलेलं पाहिलं नाही.

दिवसा ती त्याला कपडेपटात आणायची. कपडेपट म्हणजे दांड्यांवर लटकणाऱ्या कपड्यांचं जंगल. एका दुपारी मी नव्या झग्याचं माप द्यायला गेले, तर ती तोंडावर बोट ठेवून मला म्हणाली, "गप बसून बघा."

ठोकळ्याने राजाच्या झग्याची किनार धरली आणि उभा राहिला. मग झगा सोडून सेनापतीचा अंगरखा धरला. मग विदूषकाची सलवार. एकेक पाऊल, एकेक कपडा, सगळ्या दरबाराचा हात धरून तो चालत होता. शेवटी सगळं सोडून आईच्या दिशेने मोकळी पावलं टाकत तिच्या गळ्यात पडला. मी टाळीसाठी हात उचलले.

तेवढ्यात बोळात पिशवी खुळखुळली.

पोराने मान वळवली. आईचा गळा सोडला. आणि आपला आपण, सावकाश, कुणी न सांगता, जमिनीवर बसला. तळहात मांडीवर. चौकोनी.

मिस्त्री आत डोकावले. "हललाय का काही?"

"नाही," ती म्हणाली.

ते गेल्यावर मी म्हटलं, "अगं, सांग ना मिस्त्रींना!"

"काय सांगू? चालतो, पण तुमची चाहूल लागली की बसतो, हे? सांगा तुम्ही. तुमचं पाठांतर चांगलं आहे."

माझ्या आयुष्यात मी इतकी मोठमोठी स्वगतं म्हटली, पण ते एक वाक्य मला कुणापुढे म्हणता आलं नसतं. मी काही बोलायच्या आतच ते घडलं.

एके दिवशी पिशवीचा पट्टा तुटला होता. मिस्त्री तो शिवून घ्यायला बायकोकडे आले, पिशवी काखेत घट्ट धरून. आवाज नाही. मी आरशापुढे होते, मला ते आरशात दिसले. दारात उभे, आणि समोर त्यांचा मुलगा कपड्यांच्या रांगेतून चालत येतोय, हात पसरून, जिभेचं टोक बाहेर काढून.

मिस्त्रींच्या तोंडातून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता की रडण्याचा, देव जाणे. पिशवी हातातून सुटली, खिळे सांडले. ते मटकन गुडघ्यांवर बसले आणि हात पुढे केले. "ये! ये रे माझ्या ठोकळ्या! ये!"

पोराने बापाकडे बघितलं आणि खाली बसला.

"अरे, ऊठ! चल ना! आत्ता चाललास ना?" मिस्त्रींनी त्याला काखेत धरून उभं केलं. त्याने पाय दुमडून घेतले. पुन्हा उभं केलं. पुन्हा पाय वर. त्याने रडून गोंधळ घातला असता तर बरं झालं असतं. तो शहाण्या मुलासारखा बापाच्या तोंडाकडे बघत होता, जमलं ना नीट, अशा नजरेने.

तिने सुई कापडात खोचली आणि म्हणाली, "त्याला केव्हाचं चालता येतं. तुमच्यापुढे नाही चालत. तुम्ही शिकवलंत ते तो पक्कं शिकलाय."

मिस्त्री खिळे गोळा करायला लागले. सगळे गोळा केले, एकही मागे ठेवला नाही. त्या संध्याकाळी रंगमंच तपासताना ते मधोमध थांबून राहिले. विनोदी नटाने नेहमीचा प्रश्न विचारला. मिस्त्रींनी फक्त तळहात पुढच्या फळीवर सरकवला. त्याने तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

सामान घरी परत गेलं. पलंगाला नवे पाय लागले. बापासमोर चालायला पोराला पुढे बराच काळ लागला, तेही आईच्या मागे लपून. बाकी त्याला काही झालं नाही. धावला, झाडांवर चढला, शाळेच्या शर्यतीत पहिला आला. शर्यत बघायला बाप गेला होता, पण झाडामागे उभा राहून. मुलगा शिकला, दूरच्या गावी नोकरीला लागला. घरी आला की माझ्याशी तासन्तास उभा राहून गप्पा मारायचा. बाप खोलीत आला की बोलता बोलता थांबायचा आणि जवळची खुर्ची ओढून बसायचा. त्याचं त्याला कळत नसेल. मला कळायचं. मिस्त्रींनाही.

कपडेपटवाली पुढे मुलाकडेच राहायला गेली. हवेचं कारण झालं. मिस्त्रींच्या खोलीची हवा तशी चांगली आहे.

आता मिस्त्रींच्या गुडघ्यांनी पार राजीनामा दिलाय. दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत असतात. मी काठी टेकत जाते, आम्ही चहा पितो आणि मेलेल्या लोकांना नावं ठेवतो. मागच्या महिन्यात मी तिथे असताना मुलगा, सून आणि त्यांची छोटी मुलगी आली. आजी आली नव्हती. नात झाल्याचं मिस्त्रींना फोनवर कळलं होतं. भेट ही पहिलीच, आणि ती आली तीच चालत.

मिस्त्री तिच्या पावलांकडे बघत सुनेला म्हणाले, "लवकर लागली चालायला. रांगायची का गं खूप?"

सून हसून म्हणाली, "छे हो बाबा! ही तर मुळी कधी–"

"खूप रांगायची," मुलगा म्हणाला. तो खुर्ची ओढून बसला होता. "घरभर. हो ना गं?"

सुनेने नवऱ्याकडे बघितलं. "हो," ती म्हणाली. "घरभर."

"छान," मिस्त्री म्हणाले. "छान झालं."

छोटी दुडदुडत आली आणि तिने आजोबांच्या खुर्चीचा हात धरला. मिस्त्रींनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. तरीही मुलगा उठला, आणि त्याने मुलीला उचलून कडेवर घेतलं. "आजोबांना त्रास नको देऊस," तो म्हणाला.

ती मंडळी गेल्यावर मी चहाचे कप उचलत होते. मिस्त्रींचे हात अजून मांड्यांखालीच होते.

"बाई," ते म्हणाले, "पोरगं खोटं फार वाईट बोलतं. तुमच्या मंडळीत एक दिवस टिकलं नसतं."

"नसतं टिकलं," मी म्हटलं.

"सून बरी बोलते. शिकेल तिच्याकडून."