कार्पेटखालची ओल

ताईच्या पायाचं ऑपरेशन झालं त्या वर्षी दाजींनी झोपायच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट चिकटवून घेतलं. सांगलीतलं त्यांचं घर तळमजल्यावर, नदीकडच्या बाजूला. गार फरशीवर पाऊल टेकलं की ताईला कळ यायची. तिनं काही मागितलं नव्हतं. दाजींनी स्वतः मरून रंग निवडला, खाली जाड फोम घातला. कोरेगावहून मी आणि आई बघायला गेलो, तर आई पाय धुऊनसुद्धा उंबऱ्यावरच थांबली.

पुढं पूर आला. पाणी ओसरल्यावर गाद्या, कपाटं, धान्य सगळं रस्त्यावर टाकलं. कार्पेट तेवढं ठेवलं. यंत्र घेऊन माणसं आली, गाळ ओढून काढला, शाम्पूनं घासलं. चार दिवस पंखे फिरले आणि ते पुन्हा पहिल्यासारखं दिसू लागलं.

"बघा, नवं कोरं!" दाजी मला म्हणाले.

त्या थंडीत ताईला कोरडा खोकला लागला. मग धाप, संध्याकाळी कणकण. माहेरी आली की आठवड्याभरात सुधारायची, भाकरी मागून घ्यायची. सांगलीला परतली की पुन्हा तेच. आमच्या शेजारची काकू पाण्याच्या नळावर म्हणाली, "म्हायेरी बरी आन् सासरी आजारी. नाटकं हायती सगळी." ताईनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनंच ती निघून गेली.

दाजींना वाटलं, धुळीचा त्रास असेल. ते दर थोड्या महिन्यांनी यंत्रवाल्यांना बोलवू लागले. साबणाचं पाणी, ब्रश, वरून सुगंधी फवारा. खालची ओल बाहेर जायला वाटच राहिली नव्हती. पावसाळ्यात खिडक्याही बंदच. प्रत्येक धुण्यानंतर ताई जास्तच खचायची, आणि ती खचली की दाजी पुन्हा फोन लावायचे.

शेवटी छातीच्या डॉक्टरांकडं नेलं, तेव्हा मी बरोबर होते. त्यांनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरून पाहिला.

"घरात कुठं ओल आहे का? बुरशी?"

"न्हाई हो," दाजी म्हणाले. "उलट लय स्वच्छता हाय. कार्पेट सारखं धुऊन घेतो."

"वाळतं का पूर्ण? खालून?"



घरी आल्या आल्या दाजींनी पलंग सरकवला आणि स्क्रूड्रायव्हर घालून कोपरा उचलला. खालचा फोम काळा पडला होता, हाताला बुळबुळीत लागत होता. त्यावर हिरवट लव, आणि फरशीला अजून नदीचा गाळ. कुबट वास खोलीभर पसरला. याच्या हातभर वर ताई रोज रात्री श्वास घेत होती.

दाजींनी ते फाडायला सुरुवात केली. सुरीनं, मग नुसत्या हातांनी. ताई बाहेर दारात नाकाला पदर लावून उभी होती.

"आवं, हळू. नखं निघतील," ती म्हणाली.

एक बोट खरंच फाटलं. ते थांबले नाहीत.

खोली मोकळी झाली, भिंती खरवडून रंगवल्या. पण डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसावरचे व्रण आता जायचे नाहीत. मी ताईला कोरेगावला आणलं. प्राणवायूचं यंत्र दिवसरात्र घुमायचं. वीज गेली की आम्ही सिलिंडरकडं धावायचो. ती बोलायची कमी. एकदा म्हणाली, "त्यास्नी काय बोलू नगा. माझ्यासाठीच केलं त्यांनी."

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. दुपारी, माझ्या मांडीवर.

आईनं मात्र दाजींना माफ केलं नाही. दहाव्याला, तेराव्याला ते आले, आईनं त्यांच्याकडं पाठ फिरवली. मी समजवायला गेले की म्हणायची, "दोन वर्सं लेक खोकत व्हती. ह्यानं खालचं उचलून बघितलं न्हाई." मीही तर त्याच खोलीत बसून चहा प्यायले होते.

वर्षश्राद्धाला ते पुन्हा आले. कुणाशी न बोलता सगळं पार पाडलं आणि पिशवी उचलली. हडकले होते, शर्ट खांद्यावर लोंबत होता. आई स्वयंपाकघराच्या दारात आली.

"जावयबापू, जेवून जावा."

ते भिंतीला टेकून खाली बसले. आईनं ताट वाढलं, पण समोर थांबली नाही. परत आत गेली आणि चुलीकडं तोंड करून उभी राहिली.